खाच हाताकडे

"इमारत मुलाला. मी काढलेले सगळे आराखडे मुलीला."

म्हाताऱ्या खुर्चीवाल्याने मृत्युपत्रात एवढंच लिहिलं, खाली सही ठोकली आणि तीन महिन्यांनी निवांत डोळे मिटले. उभ्या आयुष्यात हा माणूस एका शब्दाच्या जागी दोन कधी बोलला नाही, जाता जाता तरी कसा बोलणार? पण एक गोष्ट त्याने लिहायला हवी होती. त्याचे सगळे आराखडे त्याच इमारतीच्या भिंतीवर काढलेले होते.

कागदावर त्याचा विश्वास नव्हता. कागद ओला होतो, आकसतो, कोणीतरी त्यावर चहाचा कप ठेवतं. म्हणून कारखान्यातली खिडक्यांसमोरची लांबच लांब भिंत त्याने गुळगुळीत घोटून घेतली होती, आणि प्रत्येक खुर्ची तिच्यावर खऱ्या मापाची, पेन्सिलीने काढली होती. तीही आडवी, पाठ टेकून झोपल्यासारखी, कारण मागच्या पायाची लांब रेघ उभी मारताना हात हलतो, आडवी मारताना हलत नाही. चाळीस वर्षांत त्रेचाळीस खुर्च्या. बाकीच्या तीन भिंतींना अधूनमधून चुना लागायचा. या भिंतीजवळ कोणी ओलं फडकं घेऊन गेलं तरी म्हातारा अंगावर धावून यायचा.

त्याच्या मुलीला कारखान्यात सगळे खुंटी म्हणायचे. लहानपणी तिचं डोकं टेबलाला पोचायचं नाही आणि जिथे उभी राहील तिथे ती रुतून बसायची, म्हणून बापानेच ठेवलेलं नाव. आता अडतीस वर्षांची झाली, हाताखाली दोन कारागीर आले, पण नाव काही निघालं नाही आणि रुतून बसायची खोडही गेली नाही. तिचा भाऊ सात वर्षांनी मोठा. डाव्या हाताचा, म्हणून डावऱ्या. एकोणिसाव्या वर्षी तो घर सोडून गेला होता. दुसऱ्या गावी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवण्याचं काम करायचा. बापाच्या मयतीला आला तो लांबच्या नातेवाइकासारखा मागच्या रांगेत उभा राहिला आणि कोणाशी न बोलता निघून गेला. त्यानंतर थेट त्याच्या वकिलाची नोटीस आली.

इमारत विकायची होती त्याला. घेणारा ती पाडून नवीन बांधणार होता. खुंटीने कारखाना भाड्याच्या शेडमध्ये हलवला, तोंडातून ब्र काढला नाही. इमारत त्याची, बाबांनी दिली, विषय संपला. पण भिंत पडणार म्हटल्यावर तिने पाय रोवले. मग सुरू झाला तो खटला. भावाचा वकील म्हणाला, भिंतीवरची खुंटी, भिंतीवरचा खिळा आणि भिंतीवरची रेघ, तिन्ही भिंतीबरोबर जातात. बहिणीचा वकील म्हणाला, उद्या मी तुमच्या भिंतीवर पत्र लिहिलं तर ते पत्र काय तुम्ही लिहिलं असं होतं का? दोघंही हुशार होते, दोघांनाही वेळ होता. असं करत करत तीन वर्षं गेली.

निकाल लागला तो असा: भिंत भावाची, भिंतीवरच्या रेघा बहिणीच्या. ऐकायला छान वाटतं. पुढे कोर्टाने जोडलं होतं की बहिणीला बारा दिवस मिळतील. तेवढ्यात तिने सगळे आराखडे ट्रेसिंग पेपरवर जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. कोर्टाने नेमलेल्या कमिशनर हजर राहतील, हवं तर भावानेही हजर राहावं. आणि मृत्युपत्रात 'मी काढलेले' असे शब्द आहेत, त्यामुळे प्रत्येक कागदाखाली बहिणीने शपथेवर लिहून द्यावं की हा आराखडा वडिलांच्या हातचा आहे. जो त्यांच्या हातचा नसेल तो तिला मिळणार नाही. तो काढणाऱ्याचा राहील, आणि त्याच्या परवानगीवाचून तशी खुर्ची कोणालाही बनवता येणार नाही.

शेवटचं वाक्य खुंटीने वाचलं आणि विसरून गेली. त्या भिंतीवर बापाशिवाय दुसऱ्या कोणाची पेन्सिल टेकायची हिंमत होती का?

*

कमिशनर बाई निवृत्तीला आलेल्या होत्या. बसायला उशी आणि चहाचा थर्मास घरून आणायच्या, दर अर्ध्या तासाला घड्याळ बघून वहीत काहीतरी टिपायच्या. रिकाम्या कारखान्यात भुशाचा आणि जुन्या सरसाचा वास अजून होता. खुंटी शिडीवर चढून कागद चिकटवायची, रेघेवरून रेघ ओढायची, कागद उतरवायची, खाली सही करायची. दिवसाला चार आराखडे होत होते.

डावऱ्या रोज येत होता. कशाला, ते त्याचं त्याला माहीत. दाराजवळच्या खोक्यावर बसायचा, हाताची घडी घालून, खिडक्यांकडे तोंड करून. बहिणीशी तो थेट बोलत नव्हता आणि बहीणही त्याच्याशी बोलत नव्हती. मध्ये बिचाऱ्या कमिशनर बाई सापडल्या होत्या.

"त्यांना सांगा, शिडी ओढू नका. फरशीवर ओरखडे पडतात. फरशी माझी आहे."

"त्यांना सांगा, फरशीवरचे ओरखडे बाबांच्या वेळचे आहेत. तेही विकताय का?"

"अहो, मी काय पोस्टाची पेटी आहे का?" बाई वैतागून म्हणाल्या. "दोन हातांवर तर बसलाय तुम्ही दोघं."

यावर दोघंही गप्प बसले. गप्प बसण्यात दोघं अगदी बापावर गेले होते.

दहाव्या दिवशी खुंटी भिंतीच्या पार टोकाला पोचली. तिथे एकतिसावा आराखडा होता, आणि तो तिने मुद्दाम शेवटाकडे ठेवला होता. खाऊ पुरवून खावा तसा. लोक त्या खुर्चीला 'दुपारची' म्हणायचे. दिसायला अगदी साधी, पण तिच्यात बसलं की कमरेमागे कोणीतरी हात धरल्यासारखं वाटायचं. दुखऱ्या पाठीची माणसं तासभर बसून उठायची आणि हसत उठायची. बाकीच्या बेचाळीस खुर्च्या हौसेच्या. कारखाना चालत होता तो या एका खुर्चीवर. तीन मोठ्या कारखान्यांनी तिची नक्कल काढून पाहिली होती आणि तिन्ही वेळा खुंटीने त्यांना हक्काचे कागद दाखवून गप्प केलं होतं. ही खुर्ची हातची गेली तर शेडला कुलूप लावायचं आणि दोन कारागिरांना घरी बसवायचं, इतका साधा हिशेब होता.

तिने कागद चिकटवला आणि पेन्सिलीला टोक केलं. मग कागदाआडची मागच्या पायाची रेघ नीट दिसेना, म्हणून कागदाचं एक टोक उचलून ती जवळ गेली. आणि तिथेच थांबली.

लाकूड कुठे ठेवायचं हे दाखवायला बाबा त्या भागात तिरप्या बारीक रेघा भरायचे. सगळ्या भिंतीभर त्या रेघा एकाच बाजूला झुकलेल्या होत्या, खालून डावीकडून वर उजवीकडे. उजव्या हाताच्या माणसाच्या तशाच पडतात. इथे, या एका पायात, त्या उलट्या झुकल्या होत्या. वरून फिरलेल्या तळव्याने शिसं धुरकट फासलं होतं. डाव्या हाताचा माणूस लिहीत पुढे जातो तेव्हा त्याचाच तळवा मागून येऊन लिहिलेलं पुसतो. "याला फडकं कशाला हवंय, हाच फडकं आहे," असं बाबा म्हणायचे ते खुंटीला आठवलं. कोणाला म्हणायचे तेही आठवलं.

ती आणखी जवळ वाकली.

त्या रेघांखाली आणखी एक रेघ होती, फिकट, खोडलेली. ती बाबांची होती. तिचा बाक खांद्याजवळ होता. वरची, गडद, ठेवलेली रेघ कमरेजवळ वाकत होती. फरक तेवढाच होता, आणि दुपारची खुर्ची म्हणजे तो फरकच.

*

खुंटी तेव्हा बारा वर्षांची होती. जे घडलं ते तिने या खिडकीच्या कठड्यावर बसून पाहिलं होतं, पण अर्थ लागायला सव्वीस वर्षं लागली.

मागचा पाय आखायला लाकडी फर्मा असायचा. त्याच्या एका टोकाला खाच होती. कारखान्याचा नियम होता, बाबांनी दारावर खडूने लिहिलेला: खाच हाताकडे. म्हणजे पेन्सिल ज्या हातात असेल त्या हाताच्या बाजूला खाच ठेवायची. नियम करणारा उजव्या हाताचा, मिस्त्री उजव्या हाताचे, सगळे कारागीर उजव्या हाताचे. हात म्हणजे उजवा, हे सांगायची गरज कोणालाच वाटली नव्हती. त्या दिवशी बाबांनी पहिल्यांदा मुलाला भिंतीवर आखायला दिलं. त्याने बाबांच्या जुन्या रेघेवर फर्मा ठेवला, नियम पाळला, खाच आपल्या हाताकडे केली, आणि फर्मा पालथा पडला. खांद्याचा बाक कमरेला आला.

बाबा आले, रेघ पाहिली, आणि सगळ्या कारागिरांदेखत त्याच्या कानफटात मारली. "हातही उलटा, डोकंही उलटं," म्हणाले. डावऱ्याने पेन्सिल फर्म्याच्या खाचेत ठेवली, हात पुसले आणि दारातून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी खुंटीचा वाढदिवस होता आणि तो आला नाही. नंतरही आला नाही.

एवढं तिला आठवत होतंच. पण एक गोष्ट तिने कधी या गोष्टीशी जोडली नव्हती. मिस्त्री तेव्हा गावी गेलेले होते. ते परत आले, त्यांना कोणी काही सांगितलं नाही, त्यांनी भिंतीवरच्या गडद रेघेवरून मुकाट पाय कापले आणि खुर्ची उभी केली. बाबा ओरडत आले. मग चूक किती झाली हे बघायला म्हणून त्या खुर्चीत बसले. आणि उठलेच नाहीत. सबंध दुपार बसून राहिले, पॉलिश न केलेल्या लाकडावर तळहात ठेवून. मुलगा गेल्याचं दुःख करत बसलेत असं खुंटीला वाटलं होतं. तिने त्यांना पाणी नेऊन दिलं होतं.

पहिली खुर्ची पसंत पडली की बाबा आराखड्याशेजारी एक गोल काढून मध्ये टिंब द्यायचे आणि खाली तारीख टाकायचे. कापायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ. खुंटीने कागद आणखी वर उचलला. गोल होता, टिंब होतं, तारीख होती. वीस. तिचा वाढदिवस पाच तारखेला असतो.

म्हणजे तो गेल्यावर सोळाव्या दिवशी बाबांना कळलं होतं. आणि पुढची तेवीस वर्षं त्यांनी लोकांना सांगितलं की ही खुर्ची मला एका दुपारी सुचली.

*

"तब्येत बरी नाही," असं कमिशनर बाईंना सांगून ती त्या दिवशी लवकर निघाली. शेडमध्ये कारागीर जेवायला गेले होते. कोपऱ्यात तयार खुर्च्यांची रांग होती, पाच दुपारच्या. तिने एक ओढून घेतली आणि बसली. कमरेमागे तो ओळखीचा हात आला. पंचवीस वर्षं ती हा पाय कापत आली होती, झोपेत सांगितलं असतं तरी कापला असता. आणि कोणाचा हात होता हा?

राग आधी बापाचा आला. मेलेल्या माणसावर रागवायचं म्हणजे रिकाम्या खोलीशी भांडणं, पण ती मनसोक्त भांडली. तुम्हाला दोन ओळी लिहिता आल्या नाहीत? एक पोस्टकार्ड? मग तिला भिंत आठवली, जिला कधी चुना लागला नाही. मृत्युपत्र आठवलं. तेवीस वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही त्या मुलाला इमारत, आणि जिने शेवटपर्यंत पाय चेपले तिला नुसते आराखडे, हे तिला कायम सलत आलं होतं. आता तिला वाटलं, इमारत कसली, बाबांनी त्याला ती भिंत दिली होती. बोलता येत नव्हतं म्हणून वस्तू हातात ठेवली होती. पण वस्तू काय बोलते? ज्याला दिली तो ती पाडायला निघाला होता, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता.

मग दुसरा विचार आला. तो मघाशीच येऊन दाराशी उभा होता, तिने फक्त आत घेतला नव्हता. हे कोणाला माहीत आहे? मिस्त्री राहिले नाहीत, तेव्हाचे कारागीरही कुठे कुठे पांगले. कमिशनर बाईंना खुर्चीत बसता येतं, त्यापलीकडे काही कळत नाही. डावऱ्या त्या टोकाकडे दहा दिवसांत एकदाही फिरकला नाही. त्याच्या लेखी ती रेघ केव्हाच खोडली गेली. एक सही करायची. पंचवीस वर्षांच्या घामावर सही नाही का करू शकत माणूस? तो गेला चष्मे बसवायला, राहिलं कोण? सरसाने बोटं कोणाची भाजली?

एकेक मुद्दा बिनतोड होता. तिच्या वकिलाला कधी इतके चांगले मुद्दे सुचले नव्हते. कारागीर जेवून परत आले तेव्हा ती उठली आणि त्यांच्याशी नेहमीसारखं बोलून घरी गेली.

अकराव्या दिवशी सकाळी तिने कागद पुन्हा चिकटवला. रेघ ओढली. गोल काढला, टिंब दिलं, तारीख घातली. राहिल्या त्या तिरप्या रेघा. कोर्टाने म्हटलं होतं, जसेच्या तसे. तिचा हात उजवा. तिने पेन्सिल टेकवली आणि हात सवयीने गेला तसा जाऊ दिला. एक रेघ, दोन रेघा, तीन, सगळ्या छान उजवीकडे झुकलेल्या. कागदावरचा आराखडा बघता बघता बाबांचा होऊ लागला. इतकं सोपं होतं ते. खोटं बोलायचीही गरज नव्हती, हात आपोआप बोलत होता.

चौथी रेघ निघेना.

ती शिडीवर तशीच उभी राहिली. आपण बाबांचंच काम पूर्ण करतोय, असं तिच्या मनात आलं. त्यांनी तेवीस वर्षं जे केलं, त्याला फक्त कागद मिळायचा राहिलाय. तिला स्वतःची इतकी शिसारी आली की खोडरबर हातातून निसटून खाली पडला.

"दादा," ती म्हणाली.

गेल्या तीन वर्षांत तो 'प्रतिवादी' होता. कमिशनर बाईंनी वहीतून मान वर केली.

"दादा, इकडे ये."

"मला काही बघायचं नाही तिकडे."

"मला माहितीये. तरी ये."

तो उठला. खांदे पाडून, दारापासून टोकापर्यंत इतका हळू आला की वाटेत कोणी थांबवलं असतं तर बरं झालं असतं असं वाटावं. खुंटीने ट्रेसिंगचा कागद काढून घेतला आणि बाजूला झाली.

त्याने खिशातून भिंग काढलं. दुकानातली सवय. डोळ्याला लावलं आणि भिंतीला नाक टेकेल इतका जवळ गेला. उलट्या झुकलेल्या रेघांवरून भिंग हळूहळू सरकलं, धुरकट डागावर थांबलं, पुढे गेलं.

"मला वाटलं, ही तर खोडली असेल त्यांनी," तो म्हणाला.

"त्यांनी स्वतःची खोडली. तुझी ठेवली."

"ही चूक होती."

"नव्हती. ही दुपारची खुर्ची आहे दादा. जिच्यावर आम्ही जगलो. तू कधी बसला नाहीस तिच्यात?"

"मी इथल्या कशात बसेन का?" असं म्हणून तो खोडलेल्या रेघेकडे बघत राहिला. मग भिंग गोलावर आलं. त्या गोलाचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही.

"वीस तारीख," तो म्हणाला.

"तू गेलास चारला. माझ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी."

"सोळा दिवस." त्याने भिंग खाली घेतलं. "मी बावीसला गाव सोडलं."

खुंटीला कळेना. "म्हणजे?"

"मागच्या गल्लीत छापखाना होता ना, त्याच्या वरच्या खोलीत मित्र राहायचा. अठरा दिवस तिथे होतो. खिडकीतून हे छप्पर दिसायचं. रोज बसून बघायचो, कोणी बोलवायला येतंय का. तिथून इथे चालत यायला दोन मिनिटं लागतात."

कमिशनर बाईंनी थर्मासचं झाकण उघडलं होतं ते तसंच हातात राहिलं. खुंटीला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. बापाकरता, या माणसाकरता, आणि कठड्यावर बसून पाणी नेऊन देणाऱ्या त्या पोरीकरता, जिला कोणी काही सांगितलं नव्हतं, ती ढसाढसा रडली. डावऱ्या रडला नाही. अंगठ्याने भिंगाची काच पुसत राहिला.

शेवटी बाई अवघडून म्हणाल्या, "मला रकाना भरायला लागेल. आराखडा क्रमांक एकतीस. काढणाऱ्याचं नाव?"

खुंटीने डोळे पुसले. आता हा म्हणेल, राहू दे, वडिलांचं लिहा, तुझी खुर्ची तुला लखलाभ. इतकं सगळं झाल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? तिच्या मनात ती आशा होती, ते नाकारण्यात अर्थ नाही.

"माझं लिहा," डावऱ्या म्हणाला.

त्यात राग नव्हता, विजयही नव्हता. चष्म्याचा नंबर सांगावा तसं त्याने सांगितलं. सव्वीस वर्षांपूर्वी कोणी विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं. बाईंनी लिहिलं, वही पुढे केली, आणि त्याने डाव्या हाताने सही केली. तळवा शाईवरून गेला आणि निम्मी सही फासली गेली.

खुंटी शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. डोळ्यांपुढे शेड आलं, पाच खुर्च्यांची रांग आली, दोन कारागिरांची तोंडं आली. खरं बोलल्याबद्दल छान वाटतं असं म्हणतात. तिला तसं काहीच वाटलं नाही. फक्त शिसारी गेली होती.

"तुमचे कागद मग बेचाळीस," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

डावऱ्या पुन्हा भिंतीकडे वळला होता. आता तो भिंग न लावता बघत होता, दोन पावलं मागे सरकून, मान तिरकी करून. कारागीर बघतो तसं. मग त्याने कमरेच्या बाकावर बोट ठेवलं.

"इथे एक सूत लाकूड कमी पडतंय. पाय इथेच तडकत असेल."

खुंटीने वर पाहिलं. "दहात एक तडकतो. मी आतून पट्टी लावते."

"पट्टी कशाला? रेघच बाहेर घ्यायची." त्याचा हात कानामागे गेला, पेन्सिल शोधत. तिथे सव्वीस वर्षांत पेन्सिल नव्हती. खुंटीने आपली पुढे केली आणि तो रेघेवर वाकला.

"खबरदार," ती ओरडली. "भिंतीवर नाही. कागदावर कर."

तो चक्क हसला. हसणं तोंडावर फार टिकलं नाही, पण आलं होतं, हे कमिशनर बाईंनीही पाहिलं.

"भिंत पडणार, खुंटे," तो म्हणाला. "करार झालाय, मला मागे घेता येणार नाही. घ्यायचाही नाही. मला ही इमारत नको."

"पाड. पाडायला मी कधी नाही म्हटलंय? रेघा मागत होते मी." तिने नाक ओढलं. "आणि खुर्ची?"

तो खोक्याकडे गेला, आपली पिशवी घेतली, परत आला. जे बोलायचं ते मनात जुळवत असावा. बापासारखाच, कमीत कमी शब्दांत.

"तू बनवायच्या. दुसऱ्या कोणी नाही. पण परवानगी एका वर्षाची. वर्ष संपलं की पुन्हा मागायची."

"पाठवेन अर्ज," खुंटी म्हणाली. तिचा आवाज कडक झाला होता. इतकं सोसूनही वर्षाला अर्ज करायचा, म्हणजे हा अजून वकिलाच्याच भाषेत होता तर.

"अर्ज चालणार नाही. पत्र नको, फोन नको, वकील नको." त्याने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "यायचं. स्वतः. माझ्या घरी येऊन मागायची. चार तारखेला."

खुंटी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मान हलवली.

"हे असंच लिहू का?" कमिशनर बाईंनी विचारलं. त्यांनी लेखणी उचलली होती, पण डोळ्यांपुढचा कागद त्यांना नीट दिसत नसावा. "परवानाधारकाने दरवर्षी स्वतः हजर राहून... पत्ता सांगा. कुठे हजर राहायचं?"

डावऱ्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी खुंटीनेच सांगायला सुरुवात केली. घर नंबर, दुसरा मजला, औषधाच्या दुकानामागची गल्ली, गाव. एका दमात, न अडखळता. तिथे ती एकदाही गेली नव्हती. पण तीन वर्षं तिने त्याच पत्त्यावर नोटिसा धाडल्या होत्या.